पहिल्यात टाकलेली गाडी

रज्जाकमिस्त्रींनी मला खोली दाखवली तेव्हा नळाला पाणी किती वाजता येतं, पंखा चालतो की नाही, यातलं काहीच सांगितलं नाही. त्यांनी दार तीनदा उघडून आणि लावून दाखवलं.

"बगा सर, भाईर उघडतंय. नुस्तं ढकललं की झालं. आत उघडणाऱ्या दारानं लई माणसं खाल्लीत."

मग त्यांनी खाट ओढून दाराशी लावली, माझ्या चपला उचलल्या आणि त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवल्या. "घाईत उलटी चप्पल पायात जात न्हाई," म्हणाले. मी नांदेडहून लातूरला एका खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला आलो होतो. मला पाठ टेकायला जागा हवी होती आणि हा माणूस मला पळायला शिकवत होता.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती. शहर तो विसरून जोमानं वर चढत होतं. जिथं तिथं क्लास, होस्टेल आणि मेस. चौकाचौकात नंबरात आलेल्या पोरांचे फोटो, खेड्यांतून पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरणारी पोरं आणि त्यांच्यासाठी मजल्यावर मजला चढवणारे घरमालक. मिस्त्रींच्या आवारात मात्र एकही मजला चढला नाही. आवाराच्या खालच्या अंगाला त्यांच्या आजोबांचं दगड-मातीचं जाड भिंतींचं घर होतं. ते रिकामं होतं, म्हणजे त्यात गहू-ज्वारीची पोती राहत. मिस्त्री आणि त्यांची बायको शमीमखाला वर पत्र्याच्या शेडमध्ये राहत आणि मला दिलेली खोलीही चारी बाजूंनी पत्र्याचीच होती. मे महिन्यात मी त्यात अक्षरशः शिजलो. एकदा तक्रार केली तर मिस्त्री शांतपणे म्हणाले, "भाजलेला माणूस उठून बसतो सर. दबलेला न्हाई उठत."

बुटका, रुंद दंडांचा माणूस. मनगटानं घाम पुसायची सवय असल्यामुळे उजवी भुवई कायम ऑइलनं काळी. बोलणं हळू, जणू शेजारी कोणी झोपलंय. पण ते कोणाची झोप जपत नव्हते. त्यांचा एक कान सतत जमिनीकडे असायचा आणि आपल्या बोलण्यात काही ऐकायचं राहून जाईल अशी त्यांना धास्ती होती.

धंदा गिअरबॉक्सचा. उदगीर, निलंगा, नांदेड, कुठल्याही रस्त्यावर ट्रकनं कुरकुर केली की ड्रायव्हर तो रज्जाकमिस्त्रीकडे आणायचे. मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला लावत, मूठ कानाला, डोळे मिटलेले. "तिसऱ्याचा दात गेलाय," म्हणत आणि उघडल्यावर तिसऱ्याचाच दात गेलेला असायचा. पण असं ऐकत असताना कोणाच्या हातून पाना खाली पडला की हा माणूस ताडकन उठून मोकळ्या मैदानाकडे पळत सुटायचा. काही ड्रायव्हरांना ही गंमत माहीत होती. ते मुद्दाम पाना पाडत. एकदा एका दाढीवाल्या ड्रायव्हरनं माझ्या देखत लोखंडी पहार फरशीवर टाकली. मिस्त्री पळाले, पण पळताना त्यांनी त्या दाढीवाल्याचाच दंड धरला आणि त्याला फरफटत मैदानापर्यंत नेलं. मग दोघंही धापा टाकत उभे राहिले. मिस्त्री रागावले नाहीत. परत येऊन त्यांनी पहार उचलून जागेवर ठेवली. त्या ड्रायव्हरनं पुन्हा कधी काही पाडलं नाही.

कामाच्या टेबलावर पाण्यानं भरलेली एक पितळी ताटली असायची. त्यात ते दिवसातून पन्नास वेळा बघत. मी माझं ज्ञान पाजळलं की रस्त्यावरून ट्रक गेला तरी पाणी हलणारच. "कळतंय मला," ते म्हणाले. "ट्रकनं पाणी गोल हालतं. जमिनीनं आडवं हालतं." याला फिजिक्समध्ये उत्तर असेलही. 

आता त्यांच्या ट्रकबद्दल. गल्ली वरून खाली उतरत औशाच्या रस्त्याला मिळायची. वरच्या टोकाला गॅरेज, मधे डाव्या हाताला ते जुनं घर, तळाशी आमच्या क्लासचं फाटक. गॅरेजसमोर, नेमका उतारावर, मिस्त्रींचा स्वतःचा ट्रक उभा असे. लांब नाकाचा, गोल दिव्यांचा, वडिलांच्या वेळचा. जूनमध्ये तो पोरांच्या ट्रंका आणि होस्टेलच्या खाटा वाहायचा, एरवी नुसता उभा. पण उभा कसा? तोंड रस्त्याकडे, पुढे काही आडवं नाही आणि गिअर पहिला. हँडब्रेकवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "हँडब्रेक म्हंजे इलेक्शनमधला शब्द," म्हणायचे. "पहिला गिअर म्हंजे इंजिनानं चाकाचा हात धरलेला. पहिल्यात टाकली की माणूस झोपाया मोकळा."

हा 'पहिला' त्यांच्या तोंडात इतका बसला होता की जगातल्या सगळ्या सुरक्षित गोष्टी पहिल्यातच असत. कपाटाला कुलूप लावलं की "पहिल्यात टाकलं." माझा ताप उतरला की "सर पहिल्यात आले." मुलीचं, परवीनचं, लग्न झालं तेव्हा "पोरगी पहिल्यात टाकली." आणि कुणाचं काही खरं नसलं की तो माणूस न्यूटरल.

ट्रकचा सेल्फ, म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू करणारी मोटर, कायम मेलेला. पण उतारावरून सोडून क्लच उचलला की गाडी बहुतेकदा चालू व्हायची. नाही झाली तर क्लासच्या फाटकापाशी येऊन थांबे. तिथं धक्का मारायला पोरांची कमी नव्हती. वर्गात न्यूटनचे नियम लिहून लिहून कंटाळलेली पोरं आनंदानं धावत. "चाचा, धक्का?" असा पुकारा झाला की मिस्त्री खिडकीतून हात हलवत आणि गाडी धूर सोडत निघून जाई.

हे सगळं मला वेडेपणाचं वाटायचं. मग एका दुपारी शमीमखालांनी गहू निवडता निवडता सांगितलं. मिस्त्रींची मोठी बहीण, त्यांना लहानपणी कडेवर वागवणारी, किल्लारीच्या पलीकडे एका गावात दिलेली होती. भूकंपाच्या पहाटे सगळे मैदानात बसले होते. उजाडायच्या सुमाराला तिकडची बातमी आली. ट्रक आवारात सपाटीला उभा होता आणि सेल्फ लागेना. भिंतींजवळ यायला कुणी तयार नव्हतं. मिस्त्री, खाला आणि दहा-अकरा वर्षांची परवीन, तिघांनी तो ट्रक ढकलला. बोटभर हलायचा आणि थांबायचा. उताराला लागून चालू होईपर्यंत तासभर गेला.

"पोचलो तवा लोकं दगडं काढून राहिले होते," खाला म्हणाल्या. "कोण तरी म्हणलं, आत्तापातूर हाका मारत होती बाई. आत्ताच गप झाली."

त्यानंतरचे आठ दिवस मिस्त्री त्याच ट्रकमधून जखमी माणसं लातूरला आणत होते. ते कितीजण होते हे त्यांनी कधी सांगितलं नाही. बहिणीबद्दलही माझ्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. पण तेव्हापासून त्यांनी गाडी सपाटीला उभी केली नाही आणि सेल्फही कधी दुरुस्त केला नाही. जो एकदा ऐन वेळी फिरला त्याच्या भरवशावर पुन्हा राहायचंच कशाला, असं त्यांचं म्हणणं.

आणि नेमकी परवीनला मागणी आली ती किल्लारीच्याच बाजूनं, एका पुनर्वसनाच्या गावातून. मिस्त्री आधी नाहीच म्हणाले. मग घर बघायला गेले. खाला सांगत, "आमी जावई बगायला गेलो, ह्यांनी भिंती बगितल्या." हातात पाना घेऊन त्यांनी घराचा प्रत्येक खांब ठोकून, कान लावून ऐकला म्हणे. नवरामुलगा चहाचा ट्रे घेऊन मागे मागे फिरत होता. खांब पसंत पडले. जावई कसा आहे ते लग्नानंतर कळलं, सुदैवानं चांगला निघाला. परवीन तिकडे आशाताईचं काम करू लागली आणि स्कुटीवरून वाड्यावस्त्या फिरू लागली. मिस्त्रींना आता भीती बाळगायला पक्की जागा मिळाली. इथून औसा, औशाहून किल्लारी, तिथून परवीनचं गाव. हा रस्ता ते ट्रकनं दर पंधरा दिवसांनी करत. कामासाठी नाही, रस्ता उघडा आहे का ते बघायला.

मी राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी मिस्त्रींना लकवा झाला. तोंड आणि हात महिन्याभरात सुधारले. डावा पाय सुधारला नाही. काठी टेकून चालता येई, पण त्या जुन्या ट्रकचा क्लच दाबायचा म्हणजे पैलवानाचा पाय हवा. ते स्टुलावर बसून नुसते ट्रककडे बघत राहत. मी क्लासला निघालो की विचारत, "सर, आता हाललं तर?" आधी मला वाटलं बोलायचं म्हणून बोलतात. पण रोज, अगदी रोज तोच प्रश्न, आणि विचारताना त्यांचा खालचा ओठ थरथरत असे. मी एकदा म्हटलं, ड्रायव्हर ठेवा.

"त्या येळेला तो डायवर त्याच्या घरला पळंल का माझ्या पोरीकडं?"

 ती घबराट हळूहळू मलाही लागली. वर्गात पंखा करकरला की माझी नजर आधी दाराकडे जाऊ लागली.

त्याच भरात मी बोलून गेलो की परदेशात एका पायाची माणसंही गाड्या चालवतात, ऑटोमॅटिक गिअरच्या. क्लच नसतोच. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे होते. "नांदेडला भंगारात मिळंल. चला."

एसटीनं नांदेडला गेलो. भंगारबाजारात त्यांनी काठीनं ढीग उकरत दिवस घालवला आणि संध्याकाळी एका परदेशी मिनीबसचा ऑटोमॅटिक बॉक्स शोधून काढला. त्याच्या पुढच्या अंगाला लाल भोपळ्याएवढा बंद डबा. "ह्यात क्लचची प्लेट न्हाई, लायनिंग न्हाई. मंग इंजिन आन चाकाचा मेळ बसतो कसा?" मिस्त्रींनी विचारलं.

खोलीवर आल्यावर मी दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवले. एक चालू केला. त्याच्या वाऱ्यानं दुसरा, बंद असलेला, हळूहळू फिरू लागला. म्हटलं, डब्यात वाऱ्याऐवजी तेल असतं, एवढंच. मिस्त्री बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी पहिला फॅन बंद केला आणि दुसऱ्याचं पातं बोटानं ढकललं. ते मोकळंच गरगरलं.

"म्हंजे हात धरलेला न्हाई," ते म्हणाले. "नुस्ती फुंकर हाय."

हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. पुढे जे झालं त्यावरून लोक म्हणाले, म्हाताऱ्याला नवं यंत्र कळलंच नाही. त्यांना ते पहिल्याच संध्याकाळी माझ्याहून नीट कळलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "आन धक्का?"

"धक्का चालणार नाही. फुंकर उलटी जात नाही. बॅटरी गेली की गाडी जागेवर."

ते काठी घेऊन उठले आणि निघून गेले. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची अडचण मला दिसत होती. जुना गिअर ठेवावा तर पाय नाही आणि नवा बसवावा तर त्या पहाटेसारखी गाडी ऐन वेळी मुकी झाली की ढकलायचीही सोय नाही. दोन्हीकडून परवीन लांबच. चौथ्या दिवशी ताटलीतल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "दोन बॅटऱ्या लावू. आन नवा सेल्फ."

दोन महिने काम चाललं. चाकूरहून त्यांचा जुना सोबती, लेथवाला गणपत, यायचा. जुन्या इंजिनाची भोकं आणि नव्या बॉक्सची भोकं जुळेनात म्हणून त्यानं मधे बसवायला जाड लोखंडी चकती कातली. मिस्त्री स्टुलावरून काठीनं दाखवत. मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड केला, तेल थंड करायच्या नळ्या रेडिएटरकडे नेल्या. क्लचचा पेडल काढला तेव्हा मिस्त्रींनी तो हातात घेऊन पुसला आणि गॅरेजच्या खिळ्याला टांगला. त्याच्या रबरावर त्यांच्या पायाचा खळगा पडलेला होता.

गिअरच्या नव्या दांडीशेजारी इंग्रजी अक्षरं होती. मी हौसेनं पांढरा रंग आणला आणि मराठीत लिहून दिलं: उभी, मागं, मोकळी, पुढं, दुसरा, पहिला. माझं अक्षर चांगलं आहे. मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं आणि खूश झाले.

पहिल्या दिवशी ते एकटे औशापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी परवीनच्या गावापर्यंत. परत आल्यावर खाली उतरले ते हसतच. त्यांचे वरचे दोन दात पडलेले आहेत हे मला त्या दिवशी कळलं. "सर, पाय नुस्ता बसून राहतो हो! पाहुण्यावानी!" त्या आठवड्यात त्यांनी 'हाललं तर' हा प्रश्न एकदाही विचारला नाही.

नंतरचा गुरुवार. संध्याकाळचे पाच वाजत आलेले. मी खोलीबाहेरच्या ओट्यावर पेपर तपासत होतो. मिस्त्री बाहेरून आले, गाडी नेहमीच्या जागी उतारावर लावली, इंजिन बंद केलं आणि काठी घेऊन खाली उतरले. मी सवयीनं विचारलं, "पहिल्यात टाकली का?"

"हाव, पहिल्यात."

दांडी खरोखरच 'पहिला'वर होती. आठवडाभर ते आठवणीनं ती 'उभी'वर लावत होते, पण त्या दिवशी चाळीस वर्षांच्या सवयीच्या हातानं ती तिथं नेली होती आणि डोळ्यांनी माझं सुबक अक्षर वाचून हमी दिली होती. 'उभी', जिथं दांडी नेली तरच चाकं आतून अडकतात, ते पाच बोटं पलीकडे होतं. फुंकर बंद पडली होती आणि चाकाचा हात कुणीही धरलेला नव्हता. मी फिजिक्सचा शिक्षक, दोन फॅन मांडून दाखवणारा, माझ्याही डोक्यात काही आलं नाही. मी पुढचा पेपर उचलला.

मिस्त्री शेडच्या दिशेनं दहा पावलं गेले असतील. ट्रक आवाज न करता सरकला. आधी वाटलं आपणच हललो. मिस्त्रींनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग वळून ट्रककडे. खाली क्लासचं फाटक नुकतंच उघडलं होतं आणि तीन-चारशे पोरं सायकली घेऊन गल्लीत उतरत होती.

मी पेपर टाकून धावलो. मिस्त्री काठी टाकून लंगडत पळाले. तेवढ्यात वरच्या चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या चार-पाच पोरांनी पाहिलं की चाचांची गाडी इंजिनाच्या आवाजाशिवाय चाललीय आणि चाचा मागून हात हलवत काहीतरी ओरडताहेत. त्यांना दुसरं काय वाटणार? "चाचा, धक्का!" करत ती धावली आणि मागून जोर लावू लागली. मिस्त्री जीव तोडून ओरडत होते, "ढकलू नका, ढकलू नका रे!" पोरांना त्यातलं 'ढकल' तेवढं ऐकू गेलं.

ट्रकनं वेग धरला. मिस्त्रींनी उजव्या दाराखालची पायफळी गाठली, चांगला पाय तिच्यावर टाकला आणि खिडकीतून दोन्ही हात आत घालून स्टिअरिंग डावीकडे ओढलं. त्यांचा मेलेला पाय खाली रस्त्यावर घासत होता. पन्नास पावलांवर पोरं होती. आता सायकली टाकून ती सैरावैरा पळत होती. ट्रकचं नाक हळूहळू वळलं आणि ट्रक सरळ त्यांच्या आजोबांच्या घरावर गेला.

भिंत एकदम पडली नाही. आधी फुगली, मग खाली बसली. तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, मिस्त्रींनी ऐकला होता. धुळीत काही दिसेना. मग त्यांची हाक ऐकू आली, "शमीम! शमीम!" आणि मला आठवलं, पोती त्या घरात होती आणि खाला दळण काढायला याच वेळेला तिकडे जात. मिस्त्री गुडघ्यावर बसून हातांनी दगड उपसू लागले. मीही उपसू लागलो. गणिताचे, केमिस्ट्रीचे पेपर देऊन आलेली पोरंही रडत रडत उपसू लागली. किती वेळ ते माहीत नाही.

"कुणाला हुडकून राहिले?" मागून आवाज आला. खाला हातात सूप घेऊन शेडच्या बाजूनं आल्या होत्या. त्या दिवशी पीठ शिल्लक होतं म्हणून त्या घराकडे गेल्याच नव्हत्या.

मिस्त्रींनी दगड खाली ठेवला नाही. तो छातीशी धरून ते बायकोकडे बघत राहिले. खालांनी पडलेली भिंत पाहिली, त्यावर चढलेला ट्रक पाहिला, पाय सोललेला नवरा पाहिला. "पंध्रा वर्सं ह्या भिंतीला भिऊन भाईर झोपलो," त्या म्हणाल्या, "आन शेवटाला तुमीच तिच्या अंगावर गेलात." मग त्याही खाली बसल्या.

पोरांतल्या एकालाही खरचटलं नव्हतं. लोक म्हणाले, नशीब. मिस्त्री मात्र त्या दिवसापासून स्वतःच्या हाताला भिऊ लागले. जमिनीची भीती होतीच, आता ही अंगातली. ट्रकला विशेष काही झालं नव्हतं, नाकाला पोचा तेवढा. मी रंग आणून 'पहिला' खोडला आणि 'उभी' लाल केलं. त्यांनी मला दोष दिला नाही. मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, "अक्षर तुमचं बराबर होतं. हाताला पाठ झालेलं पुसता येत न्हाई." ट्रक त्यांनी सपाटीला लावून घेतला, चारी चाकांना दगड लावले आणि किल्ली खालांच्या कमरेला अडकवली.

परवीन धावत आली होती. पंधरा दिवस राहिली. एका सकाळी ती ट्रकमध्ये चढून बसली आणि ओरडली, "अब्बा, ह्याला दोनच पेडल! ही तर मोठी स्कुटी हाय!" मिस्त्रींनी आधी कानावर हात ठेवले. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "तुझा हात कोरा हाय. तुला शिकवतो." मैदानात रोज सकाळी तो लांब नाकाचा ट्रक गोल गोल फिरू लागला. आतून "उभी! आधी उभी कर! मंग इंजिन बंद!" असा ओरडा ऐकू यायचा. लायसनचं काय, ही चौकशी मी केली नाही. पंधरा दिवसांनी परवीन सासरी गेली. मी मिस्त्रींना चिडवलं, "आता डायवर तिकडं आणि गाडी हिकडं." ते हसले नाहीत. म्हणाले, "तेच तर."

पुढच्या वर्षी एका दुपारी जमीन हलली. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होतो. खडूची रेघ वाकडी गेली आणि मागं दोनशे बाक एकदम वाजले. सात-आठ सेकंद असेल. मोठं काही नव्हतं हे नंतर कळलं. तेव्हा मात्र जिन्यात पोरं एकमेकांना तुडवत होती आणि मी 'सावकाश, सावकाश' म्हणत स्वतः पळत होतो.

गल्लीत सगळे बाहेर उभे. मिस्त्री ट्रकच्या बॉनेटला हात लावून उभे होते. खालांनी किल्ली पुढं केली होती आणि त्यांनी ती घेतली नव्हती. फोन कुणालाच लागत नव्हता. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. शेवटी एक मोटरसायकलवाला आला तर त्याला म्हणाले, "किल्लारीकडचं कळलं का?" त्यानं नकाराची मान हलवली.    दीड तास मिस्त्री तसेच उभे राहिले.

मग औशाच्या रस्त्यावरून धुळीनं माखलेली स्कुटी गल्लीत वळली. परवीननं ती स्टँडलाही न लावता टाकली आणि बापाला घट्ट धरलं. "अब्बा, फोन लागंना. तुमची वाट बगत बसले. मंग म्हणलं, आपणच जावं."

 तिच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, मनगटांवरून मिस्त्री हात फिरवत होते.

"कशी हाईस? घर?"

"खांब तुमीच ऐकले होते की. काय झालं न्हाई," ती म्हणाली. "चला आता माझ्याकडं. तुमी हिकडं भिता, मी तिकडं भिते. एका जागी भिऊ."

त्यांनी वाद घातला नाही. दोन ट्रंका, खाट, पितळी ताटली आणि ती स्कुटी पोरांनी मागे चढवली. खाला मधे बसल्या, परवीन स्टिअरिंगवर. पोरांनी चाकांखालचे दगड काढले. मिस्त्री चढण्याआधी पडलेल्या भिंतीकडे गेले, तिथला एक पाटीएवढा दगड उचलला आणि तो घेऊन डाव्या बाजूला बसले. पुढे कुठं गाडी थांबली तर चाकाखाली लावायला हाताशी असावा.

दोन्ही बॅटऱ्या चांगल्या होत्या. इंजिन एका झटक्यात लागलं.

त्यानंतर क्लासनं मला नांदेडच्या शाखेत पाठवलं आणि त्यांची माझी भेट झाली नाही. मला दिसतो तो त्या दुपारचा ट्रक, परवीनच्या हाती हळू हळू उतरणारा. फाटकापाशी सवयीनं चार-दोन पोरं पुढं आली, "चाचा, धक्का?" मिस्त्रींनी खिडकीतून एक हात काढून त्यांना बाजूला केलं. गाडी औशाच्या रस्त्याला वळली, तोवर त्यांचा दुसरा हात मांडीवरच्या दगडावरच होता.